ओहोटीचं पाणी

मी हेवेखोर माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कमळाक्कांबद्दल काही वाकडं लिहून गेलो तर ते कुठून आलं हे वाचणाऱ्याला कळेल, आणि चांगलं लिहिलं तर ते मला किती जड गेलं असेल हेही कळेल. शाळेत मला पहिल्या नंबराच्या मुलाचा हेवा वाटायचा, घरी धाकट्या भावाच्या अक्षराचा, आणि पुढे मित्राच्या बायकोच्या स्वयंपाकाचासुद्धा. पण ते सगळे हेवे दोनचार महिन्यांत विरले. एकच टिकला. आणि तो ज्या बाईंबद्दल वाटला त्या इंटर सायन्सला नापास झालेल्या होत्या, प्रयोगशाळेच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘सहायक’ असं लिहिलेलं होतं, आणि कागदोपत्री त्यांचं काम बाटल्या धुणं हे होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून बंगलोरला आलो. रसायनशास्त्रातला एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि त्या वर्गाचा माज. नोकरी मिळाली ती मूर्ती सरांच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. लालबागच्या मागच्या अंगाला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बंद केलेली गॅलरी, एवढीच ती प्रयोगशाळा. मूर्ती सर कॉलेजातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. हॉटेलांचं पाणी, बोअरवेलचं पाणी, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यांच्या बॉयलरचं पाणी, असं काय काय आमच्याकडे यायचं. अहवालावर सही मी करायची, असं ठरलं. मला ते फार आवडलं होतं.

पहिल्या दिवशी मी स्वतः एक बाटली विसळून मेजावर ठेवली. मागून एक हात आला आणि ती उचलून परत मोरीत घेऊन गेला.

“दोनदा विसळलास, तम्मा. तीनदा. आणि शेवटी नळाचं नाही, डिस्टिल्ड. पुण्यात काय शिकवतात की?”

कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला ‘सर’ म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. मी ती एकदा बोलूनही दाखवली. “सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, असं म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तम्मा म्हणाल्या.

कमळाक्का बुटक्या, रुंद बांध्याच्या, पन्नाशीला टेकलेल्या. सुती लुगड्यावर पुरुषांचा खाकी अ‍ॅप्रन, पायात रबरी चपला, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. राहायच्या चामराजपेटेत, भावाच्या घरी मागच्या दोन खोल्यांत. लग्न का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. माझ्या पुणेरीपणाला त्या ‘काल आलेली मराठी’ म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात ‘स्वल्प’ आणि ‘अय्यो’ इतकं असायचं की पहिले काही आठवडे मी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला. त्या मन लावून ऐकून घ्यायच्या, मला कॉफी द्यायच्या, आणि तस्संच बोलत राहायच्या.

मला खटकायला लागलं ते मूर्ती सरांच्या एका सवयीमुळे. मी अहवाल टाइप करून त्यांच्यापुढे ठेवायचो. ते चष्मा पुसायचे, आकडे बघायचे आणि विचारायचे, “कमळा काय म्हणते?” मी एम.एस्सी., आणि कमळा काय म्हणते! एकदा तर सरांनी मला आफ्टरशेव्ह लावून येऊ नका म्हणून सुनावलं, वासामुळे पाण्याचा वास कळत नाही म्हणून. तिकडे कमळाक्कांच्या गजऱ्याचा वास दोन्ही खोल्यांत भरलेला असायचा. त्यावर एक शब्द नाही.

त्यांचं म्हणणं काय असायचं? आकडे त्यांना फारसे बघायचे नसत. नमुना घेऊन आलेल्या माणसाला त्या गॅलरीत बसवायच्या, कॉफी द्यायच्या आणि प्रश्न विचारायच्या. किती वाजता घेतलं? कशातून ओतलं? सोबत कोण होतं? आदल्या दिवशी पाऊस होता का? मला वाटायचं, बाईंना गप्पांचा नाद आहे. एकदा एका हॉटेलवाल्याच्या पाण्याचा माझा अहवाल अगदी निर्मळ आला. कमळाक्कांनी त्या माणसाला त्याच्या मुलीच्या लग्नापासून सुरुवात करून अर्ध्या तासात असं गुंडाळलं की त्यानं कबूल केलं, पाणी स्वयंपाकघरातल्या टाकीचं नव्हतंच, मालकांच्या घरच्या फिल्टरचं होतं. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पण हसलो. पण त्या दिवशी घरी जाताना माझी बस चुकली तरी मला कळलं नाही, इतका मी आतून धुमसत होतो. माझं तपासणं बिनचूक होतं, तरी मी हरलो होतो.

मग खाडी आली.

मूर्ती सरांचा एक जुना विद्यार्थी किनाऱ्यावर शिक्षक होता. त्याच्या गावच्या खाडीकाठच्या लोकांनी एक समिती केली होती. गावाचं नाव इथे देत नाही, लोक अजून तिथेच राहतात. त्या खाडीत बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनी चाचपत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या, बाजारात विकायच्या, त्यावर घरं चालायची. वरच्या अंगाला कोळंबी सोलून गोठवायचा एक कारखाना आला आणि त्याचं धुणवणाचं पाणी खाडीत सुटायला लागलं. दोन वर्षांत तिसऱ्या उघड्या तोंडानं मरून पडायला लागल्या. कारखान्यावाले म्हणायचे, आमचा काही संबंध नाही, पाणी स्वच्छ आहे. समितीकडे पैसा नव्हता. सरांनी दर महिन्याला पाणी फुकट तपासून द्यायचं कबूल केलं.

नमुने यायचे रात्रीच्या बसनं, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात पुरून. सकाळी मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर जाऊन खोका उतरवून घ्यायचं काम कमळाक्कांचं. त्या खोक्याला मासळीचा असा वास यायचा की खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर येऊन चौकशी करून जायचे. मी नाकाला रुमाल लावायचो. कमळाक्का खोका उघडून म्हणायच्या, “बांगडा आला होता ह्यातनं. ताजा होता.”

पण अशा पाण्यातला प्राणवायू बारा तासांच्या प्रवासात टिकत नाही. तो जागेवरच अडकवावा लागतो. काचेची बाटली तोंडापर्यंत भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, त्यात दोन द्रावणं सोडायची आणि बूच लावून हलवायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसला तर पांढरा. नंतर प्रयोगशाळेत त्याचा आकडा काढायचा. सरांनी मला सांगितलं, देशपांडे, कमळाला घेऊन जा आणि गावकऱ्यांना हे शिकवून या.

मी तयारी करून गेलो होतो. शाळेच्या फळ्यावर समीकरणं लिहिली. समोर पंधरावीस बायका आणि तीनचार पुरुष बसलेले. मी इंग्रजीत आणि मोडक्या कन्नडमध्ये पाऊण तास बोललो. शेवटी कुणाला काही शंका आहे का विचारलं तेव्हा देवक्का नावाच्या, समितीतल्या सगळ्यांत वडील बाईनं विचारलं, “साहेब जेवणार ना?”

जेवण झाल्यावर कमळाक्का त्या बायकांना घेऊन खाडीत उतरल्या. लुगडं खोचून, गुडघाभर पाण्यात. एक बाटली गावच्या बाजूला भरली, एक कारखान्याच्या पाइपाजवळ. दोन्हींत थेंब सोडले आणि दोन्ही बाटल्या देवक्काच्या हातात दिल्या. एक तपकिरी, एक पांढरी. देवक्का किती तरी वेळ त्या बाटल्या आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं पांढरी बाटली वर धरून बाकीच्या बायकांना काही तरी सांगितलं, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी काठावर बूट घालून उभा होतो.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“म्हणाली, एवढी वर्षं आम्ही ओरडतोय, आणि हे बाटलीला दोन थेंबांत कळलं.”

त्या वेळी एक वार्ताहर आला होता. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध कमळाक्का, हातात बाटली, भोवती बायका. उजव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं. सरांनी तो फोटो कापून दर्शनी भिंतीवर लावला. मी रोज कामावर येताना त्या कोपराकडे बघत आत जायचो.

तीन वर्षं हे असं चाललं. बायका नमुने घ्यायच्या, कमळाक्का दर दुसऱ्या महिन्याला तिकडे जाऊन यायच्या, मी आकडे काढायचो आणि सही करायचो. देवक्काचा निरोप यायचा तो कमळाक्कांना. खोक्यात कधी सुकी मासळी यायची, कधी कोकमं, तीही कमळाक्कांना. एकदा पुडीवर ‘सरांसाठी’ असं लिहिलेलं होतं. मी हरखून उघडायला गेलो, तर ती मूर्ती सरांची निघाली.

मग कारखान्यानं दुसरा पाइप टाकायची परवानगी मागितली. काम दुप्पट, पाणी दुप्पट. तालुक्याच्या गावी सुनावणी ठरली. समितीनं अर्ज केला होता, आणि अर्जाला जोडायला एक ताजा, पक्का अहवाल हवा होता. सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं. दुसरा पाइप आला असता तर देवक्काच्या शब्दांत सांगायचं तर पोरींना कोळंबी सोलायलाच पाठवावं लागलं असतं.

मी सरांना म्हणालो, या वेळचं पाणी मीच घेतो. सुनावणीत विचारतील, नमुना कुणी घेतला. इंटर नापास सहायकानं घेतला म्हटलं तर वकील फाडून खातील. हे म्हणणं खोटं नव्हतं. पण मी ते का म्हणत होतो हे मला नीट ठाऊक होतं. सरांनी कमळाक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “सरी की. जाऊ दे. तम्मा आता मोठा झालाय.”

निघताना त्यांनी मला काही सांगायला सुरुवात केली. अमावास्या आहे, तिकडे पाणी केव्हा भरतं ते देवक्काला विचार, असं काही तरी. मी म्हणालो, अक्का, मला नमुने घ्यायला शिकवू नका. आणि खाली उतरलो.

मी सकाळी गावात पोचलो. परतीची बस तीनची होती. अकरा वाजता मी होडीत बसायला निघालो तेव्हा देवक्का काठावर आली. “आत्ता नको, साहेब,” ती म्हणाली. “आत्ता पाणी भरलंय. पाच वाजता घ्या.”

“पाचपर्यंत थांबलो तर माझी बस जाईल,” मी म्हणालो.

ती काही तरी आणखी सांगणार होती. पण मी शहरातून आलेला साहेब, कागदावर सही करणारा. तिनं होडी धरली.

मी ते नमुने इतके सुंदर घेतले! एक बुडबुडा नाही. प्रत्येक बाटली तीनदा विसळलेली, प्रत्येक चिठ्ठीवर वेळ. पाइपाजवळ घेतलेल्या बाटलीतसुद्धा छान तपकिरी साका बसला. मला जरा नवल वाटलं, पण मनात म्हटलं, बायका बाटल्या भरताना काही तरी चुकत असतील, खरं शास्त्र हे असं असतं. पुण्याला वाढलेल्या आणि बंगलोरात नोकरी करणाऱ्या माणसाच्या हिशेबात पाणी वरून खाली वाहतं, बस. ते दिवसातून दोनदा उलटं येतं, आणि अमावास्येच्या भरतीला अख्खी खाडी समुद्राच्या पाण्यानं भरून जाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण बसचं वेळापत्रक बघताना ते मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमळाक्कांनी खोका उघडला. पाइपाजवळची बाटली उजेडात धरली. चिठ्ठी वाचली. मग दोन्ही हात अ‍ॅप्रनला पुसून माझ्याजवळ आल्या.

“तम्मा, साडेअकराला घेतलंस?”

“हो.”

“अमावास्येला?”

मी चिठ्ठ्या नीट रचायला लागलो.

“अय्यो. हे खाडीचं पाणी नव्हेच. हे समुद्राचं पाणी आहे. ओहोटीला घ्यायला पाहिजे होतं. पुन्हा घेऊ या. मी आज रात्रीच जातो.” त्या स्वतःबद्दल ‘जातो’, ‘येतो’ असंच बोलायच्या.

मला त्या क्षणी कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्यांनी ‘समुद्राचं’ म्हटलं तेव्हाच मला लख्ख कळलं होतं. आणि तरी मी म्हणालो, “अक्का, तुम्ही बाटल्या धुवा. शास्त्र मला कळतं. तुमचं शिक्षण किती, बोलता किती?”

मूर्ती सर त्या आठवड्यात आजारी होते. विचारायला कुणी नव्हतं. मी अहवाल टाइप केला, सही केली आणि थेट तालुक्याच्या कचेरीला पोस्टानं पाठवून दिला. कमळाक्कांनी मोरीतलं काम संपवलं, आणि जाताना मला रोजच्यासारखी कॉफी दिली. त्यांनी कॉफी दिली नसती तर मला बरं वाटलं असतं.

सुनावणी पौर्णिमेच्या दिवशी होती. सही करणारा म्हणून मला बोलावणं होतं. मी आदल्या रात्री निघालो. कमळाक्का आधीच रजा टाकून कुठे तरी गेल्या होत्या. तालुक्याच्या कचेरीतली लांबट खोली, पुढे अधिकारी, एका बाजूला कारखान्याचे वकील, मागे खाडीवरच्या सगळ्या बायका. कारखान्याचे वकील उभे राहिले आणि त्यांनी माझाच अहवाल वाचून दाखवला. हसत हसत वाचला. “यांच्याच प्रयोगशाळेचा आहे,” ते म्हणाले. “पाइपाजवळसुद्धा पाणी निर्दोष. मग तक्रार कशाची?”

मी मागे वळून पाहिलं नाही. त्या बायकांच्या नजरा माझ्या मानेला कळत होत्या.

मग मागून आवाज आला, “साहेब, स्वल्प बोलू?”

कमळाक्का होत्या. कडेला देवक्का, हातात तेच मासळीचं खोकं. आठवडाभर त्या खाडीवर होत्या. पहाटेची ओहोटी संपताना शिक्षक आणि पोस्टमास्तरांना सोबत घेऊन त्यांनी पाणी घेतलं होतं. अधिकाऱ्यांच्या मेजावर त्यांनी सहा बाटल्या ओळीनं मांडल्या. समुद्राकडची तपकिरी, पुढची फिकट, आणि पाइपाजवळच्या दोन पांढऱ्या. अधिकाऱ्यांनी एक बाटली उचलून बघितली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“मग तुमच्या लॅबचा हा अहवाल वेगळा कसा?” त्यांनी विचारलं.

अहवालात नमुना घेणाऱ्याचं नाव नसायचं, ‘प्रयोगशाळेचा प्रतिनिधी’ एवढंच छापलेलं असायचं. मी उठलो. खरंच उठलो. खुर्चीचा आवाजही झाला. पण त्याआधी कमळाक्का बोलून गेल्या होत्या.

“ते पाणी मी घेतलं, साहेब. भरतीच्या वेळी घेतलं. मला बसची घाई होती. चूक माझी. आमच्या देशपांडे सरांनी तर आलेलं पाणी बरोबर तपासलं.”

देवक्कानं होडी धरली होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती समोर बघत राहिली. मी बसलो.

अधिकाऱ्यांनी परवानगी अडवून ठेवली आणि त्यांच्या माणसांसमोर भरतीचे आणि ओहोटीचे, दोन्ही वेळचे नमुने घ्यायला लावले. ओहोटीचे पांढरेच आले. दुसरा पाइप नामंजूर झाला, पहिल्यावर पाणी शुद्ध करून सोडायची सक्ती आली. कारखाना कोर्टात गेला.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. मी म्हणालो, “अक्का, तुम्ही माझ्यासाठी हे का केलंत?”

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं पाहिलं. “तुझ्यासाठी? नाही की, तम्मा. तीन वर्षांच्या सगळ्या कागदांवर तुझी सही आहे. तू चुकलास असं म्हटलं तर ते सगळे कागद पडतात. माझी सही कुठेच नाही. मी चुकलो तर एकच कागद पडतो.”

माझ्यासाठी केलं असतं तर मी त्यांचे उपकार मानले असते, आणि उपकार हळूहळू विसरता येतात. पण त्या हिशेबात मी नव्हतोच. माझी चूकसुद्धा त्या खाडीच्या कामाला लावून मोकळ्या झाल्या होत्या. मला त्यांचा हेवा वाटला, इतका की बसमध्ये मी त्यांच्यापासून चार रांगा दूर बसलो.

पुढचं लिहायला लाज वाटते. कारखान्याच्या वकिलांनी प्रयोगशाळेला पत्र पाठवलं, की अशिक्षित सहायकाकडून नमुने घेतले जातात आणि त्या माणसानं चूक कबूल केली आहे. पाणी घेतलं त्या आठवड्यात सर आजारी होते, आणि ऐन वेळी आपणच गेलो होतो असं कमळाक्कांनी त्यांनाही सांगितलं होतं. मूर्ती सरांनी कमळाक्कांना बोलावलं. मीही त्याच खोलीत उभा होतो. सर म्हणाले, “कमळा, लॅबचं नाव आहे. यापुढे खाडीवर देशपांडे जातील.” कमळाक्का म्हणाल्या, “सरी.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्युरेटमध्ये द्रावण भरत होतो, भरत राहिलो. मला जे हवं होतं ते मिळालं. पुढच्या वर्षी कमळाक्कांनी नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. निरोपाला सरांनी शाल दिली, आणि भाषण मी केलं.

पुढे चार वर्षं मी खाडीवर जात राहिलो. देवक्का माझा हात धरून मला होडीत उतरवायची. चहा द्यायची. सुनावणीबद्दल एक अक्षर कधी नाही. मला वाटायचं, विसरले लोक.

शेवटची भेट झाली ती दशक संपत आलं होतं तेव्हा. मी मूर्ती सरांना एक पत्र लिहिलं होतं, ते पाणी भरतीला मीच घेतलं होतं हे कबूल करणारं. सरांना देण्याआधी ते कमळाक्कांना दाखवावं म्हणून चामराजपेटेत गेलो. त्या बाहेर निघायच्या तयारीत होत्या. पायरीवर बसून त्यांनी पत्र वाचलं, अक्षरावर बोट फिरवत, दोनदा. केस पार पांढरे झाले होते, गजरा तसाच होता.

“चांगलं लिहिलंस,” त्या म्हणाल्या. “पण आत्ता नको. अपील अजून चालू आहे. निकाल लागू दे, मग दे.”

“अक्का, तोवर लोक तुम्हालाच चुकीचं समजणार.”

“कोण लोक?”

मी म्हणालो, “निदान खाडीवरच्या बायकांना तरी मी खरं सांगतो. देवक्कापासून सुरुवात करतो.”

त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग मोकळ्यानं. “त्यांना काय सांगतोस, तम्मा? त्यांनी तर तुला नाव ठेवलंय. भरतीचे साहेब. मुलंसुद्धा तेच म्हणतात. भरतीचे साहेब आले, होडी काढा.”

माझे कान तापले. चार वर्षं ती बाई माझा हात धरून मला होडीत उतरवत होती. मग जे विचारायला नको होतं तेच विचारलं. “आणि तुम्हाला काय म्हणतात?”

“मला?” त्या खरंच विचारात पडल्या. “मला कशाला काय म्हणतील? मी घरचीच की.”

पत्र त्यांनी घडी करून माझ्या खिशात घातलं आणि उठल्या. त्यांना मॅजेस्टिकला जायचं होतं, तिथून रात्रीची किनाऱ्याची बस. तिसऱ्या पुन्हा मिळायला लागल्या होत्या, देवक्काच्या नातीचं बारसं होतं. मी पिशवी उचलायला पुढे झालो, पण ती त्यांनी आधीच खांद्याला लावली होती. थांब्यापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. फुलवाली त्यांच्याशी बोलली, सायकलच्या दुकानातला माणूस बोलला. मला कुणी ओळखत नव्हतं, आणि मी आठ वर्षं त्याच शहरात होतो.

त्यानंतर सात महिन्यांनी कमळाक्का गेल्या. मला कळलं ते दहाव्या दिवशी. निकाल त्याच्याही पुढे दीड वर्षानं खाडीच्या बाजूनं लागला, तेव्हा मूर्ती सरही नव्हते. ते पत्र माझ्याकडेच आहे.

त्या शेवटच्या भेटीच्या संध्याकाळी मॅजेस्टिकची बस भरून आली होती. मी म्हणालो, अक्का, पुढची घ्या. तोवर कंडक्टरनं दारातूनच हात पुढे केला, त्यांची पिशवी घेतली, “या अक्का, या,” असं कन्नडमध्ये म्हणत एका मुलाला उठवून त्यांना बसवलं, आणि पिशवी आपल्या पायाशी ठेवून घेतली. त्याच्या आईचा गुडघा आता कसा आहे, असं काही तरी त्या त्याला विचारत होत्या. मी खिडकीकडे हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. बस निघाली तेव्हा तो कंडक्टर वाकून त्यांना काही सांगत होता, आणि त्या मान वर करून ऐकत होत्या. आयुष्यात ज्यांचा ज्यांचा मी हेवा केला त्यांत शेवटचा हा कंडक्टर.